फिरता फिरता बदलणारा सूर्य झुंबरच्या हवाली

मी, मंजुषा उदय बोरस्ते, वय ६९, राहणार डोकमर्डी, सिल्वासा, हे स्वखुशीने लिहिते. माझं हृदय डॉक्टरांनी तपासलं, डोकं मी स्वतः तपासलं. दोन्ही ठणठणीत आहेत.

१. फ्लॅट व बँकेतली शिल्लक माझी मुलगी रसिका हिला. मात्र "आईचं खूळ" म्हणून माझा संगणक भंगारात घालण्याचा तिला अधिकार नाही.

२. त्यात अकरा वर्षांचा सूर्य आहे. उपग्रहांचे फोटो कोणालाही मिळतात. त्यांतून सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचा, म्हणजे प्रभामंडळाचा, त्रिमितीय आकार मी उभा करते. सूर्य साधारण सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, त्यामुळे सगळ्या बाजू आपसूक दिसतात. तरी पहिली चार वर्षं आकार जुळेना. काही ठिकाणी घनता शून्याच्याही खाली, जे शक्यच नाही! मी आपली फोटोंना शिव्या घालत बसले.

३. सूत कारखान्यात मी गुणवत्ता तपासायची आणि नंदुरबारहून आलेला झुंबर बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळायची रिळं, बदलायचा. एकदा कारखान्यात माझ्या हातातली सूर्याची आकृती पाहून तो म्हणाला, "ताई, बॉबिन फिरता फिरता मोठं बी व्हतं ना? मंग पहिला फोटू न् शेवटला येकाच बॉबिनचा कसा?"

मी म्हटलं, "तू आपलं मशीन बघ."

पण खरंच, फेरी पुरी होईतो सूर्य तसाच राहतो असं मी धरून चालले होते. आकार रोज बदलू दिला, आणि गणित जुळलं. लेख छापून आला तो माझ्या एकटीच्या नावाने. पेढे झुंबरने आणले आणि मी ते खाल्ले. याची मला आजही लाज वाटते.

४. संगणक, सर्व डिस्क आणि पुढचं काम झुंबरला. दोन वर्षांत सगळं शिकलाय, आता माझ्याच चुका काढतो मेला. लेखात त्याचं नाव आधी घालण्याचं दुरुस्तीपत्र आजच संपादकांकडे जाईल.

जोड: झुंबर आज इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीदार व्हायला आला. ज्याला मिळायचंय त्याची साक्ष नको, पुढे वाद होतो, असं वकील म्हणाले. तर हा म्हणतो, "मंग माझं नाव काढा, ताई. सही मीच करनार." अरे गाढवा! मी मृत्युपत्र ओढून घेतलं, दुरुस्तीपत्र पुढे ठेवलं आणि म्हटलं, "इथे कर, पहिल्या लेखकाच्या जागी."

त्याने सावकाश लिहिलं: झुंबर नथू महाले.

मंजुषा उदय बोरस्ते (सही)
साक्षीदार: अरुणा खैरनार (सही), अनिकेत सोमण (सही)
सिल्वासा, ११ ऑगस्ट २०२५