उकडलेल्या रायभोगाचा दाखला

दि. १ जून २०२६

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत उंबरदरा, ता. आंबेगाव, जि. पुणे

अर्जदार : सावळेराम बहिरू गवारी, वय ७१, रा. उंबरदरा

विषय : रायभोग भाताचे बियाणे अर्जदाराने पेरणीसाठीच दिले होते, असा शिक्क्यानिशी दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : दगडी धर्मशाळेत दि. २४ मे रोजी झालेला 'भर उन्हाळा' हा चित्र-गायनाचा सोहळा.

महोदय,

सविनय मांडण्यात येते की, शहरातील एका कलामंडळाने गावची जुनी धर्मशाळा जूनअखेरपर्यंत घेतली असून भिंतींवर आपल्याच डोंगरांची चित्रे लावली आहेत. सोहळ्याआधी मंडळाच्या वृषालीताई अर्जदाराच्या दारी आल्या व "बाबा, आम्हाला जुन्या भाताचं बी हवंय, जास्त लागेल" म्हणाल्या.

२) मृगाच्या तोंडावर बी मागायला आलेल्याला आपल्या डोंगरात कोणी रिकाम्या हाताने परत लावत नाही आणि कशाला हवे असेही विचारत नाही. बी पेरायलाच मागतात. पत्नी झुंबरबाई "आपल्यापुरतं तरी ठिवा" म्हणत असता अर्जदाराने पाहुणीसमोर ऐट दाखवून सगळी कणगी उपसून दिली. चूक त्याची आहे.

३) ते बियाणे झुंबरबाईंचे. चाळीस वर्षे दर कापणीला एकेक लोंबी हाताने निवडून, चुलीच्या धुरावर टांगून, मग कणगीत भरून त्यांनी ते राखले. वाडीत बाकी सगळ्यांनी ते केव्हाच सोडले.

४) सोहळ्यादिवशी मंडळाने धर्मशाळेच्या फरशीवर रंगीत दाण्यांनी आपल्या डोंगरांमधले खोरे काढले. अर्जदारास फेटा बांधून शेवटची मूठ टाकण्याचा मान दिला. तंबोरे लागले, गाणे सुरू झाले, अर्जदार हसत दाणे टाकू लागला. तेवढ्यात झुंबरबाईंनी चार दाणे दाताखाली धरले आणि म्हणाल्या, "आवं, ह्ये तर उकडलंय. माजं बी उकडलं यांनी." रंग पक्का बसावा म्हणून तसे केले होते. बाईंचे बोलणे कार्यक्रमातलेच समजून दीडशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायकाने तेच वाक्य सुरात घेऊन दोनदा आळवले.

५) वृषालीताईंनी नंतर माफी मागितली व दुकानातली बियाण्याची पिशवी आणून दिली. ती दारात तशीच पडून आहे. मंडळाच्या कागदावर मात्र "भात, सजावटीसाठी, स्वखुशीने" असे लिहून खाली अर्जदाराचा अंगठा आहे. अंगठा त्याचाच आहे. झुंबरबाईंनी तो कागद सुनेकडून दोनदा वाचून घेतला व म्हणाल्या, "उकडाया दिलं का पेराया, त्याचा शिक्क्याचा कागद आना. तवर घरात येऊ नका." नवऱ्याचा शब्द त्या आता धरत नाहीत.

६) तेव्हापासून अर्जदार धर्मशाळेच्या ओसरीवर झोपतो. मंडळाची हरकत नाही. शनिवारी-रविवारी येणाऱ्यांना खरा शेतकरी दिसावा म्हणून त्यांनी त्याला घोंगडी दिली आहे आणि दिवसा फेटा बांधून बसायला सांगितले आहे.

७) दाखल्याने बी उगवणार नाही, हे अर्जदारास मान्य आहे. बी देतेवेळी आपण हजर नव्हता, हेही मान्य. तरी दाखला मृगाआधी मिळावा. देता येत नसल्यास, ३० जूनला मंडळ जे सामान उचलेल त्याच्या यादीत अर्जदाराचेही नाव घालण्याची परवानगी द्यावी. घरी त्याचे काही काम उरलेले नाही.

सोबत : १) अर्जदार हसत असलेला फोटो २) मंडळाच्या कागदाची प्रत ३) निळे दाणे, एक मूठ

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा, नम्र
सावळेराम बहिरू गवारी (डावा अंगठा)
अर्ज लिहिणार : सून रुपाली