सरळ केलेली रेघ

३ मार्च, सोमवार

झाला एकदाचा पहिला दिवस! ही आत गेली, बाहेर आली. मधल्या वेळात मी बाकावर बसून पायाने फरशी घासत होतो. शेजारचे गृहस्थ शेवटी म्हणाले, "अहो, तो पाय थांबवा जरा."

दुखलं का? — नाही. भाजल्यासारखं? — नाही. "मशीन भोवती फिरतं, गुणगुणतं. आपण हात डोक्याच्या वर घेऊन पडून राहायचं, बस्स." एवढंच! मला वाटलं होतं, स्ट्रेचरवरून आणतील. ही आपली पर्स घेऊन चालत आली.

छातीवर रेघा काढल्यात. मधोमध एक उभी, दोन्ही कुशींवर एकेक फुली, जांभळ्या शाईने. खोलीच्या भिंतीतून लाल उजेडाच्या रेघा येतात, त्या या रेघांवर बसल्या की शरीर जागेवर आलं. मशीनवरच्या बाई म्हणाल्या, "साबण लावायचा नाही. जपा." हे माझ्याकडे बघून! मी म्हटलं, बाई, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवतोय. रेघा जपण्याशिवाय दुसरं केलंय काय मी?

५ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंना आज गाठलंच. फुप्फुसातली गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून आहे, कापता येत नाही, हे माहीत होतं. पण किरण तरी एकदाच जोरात का देत नाहीत? रोजचे हेलपाटे कशाला?

शांत आहेत बाई. म्हणाल्या, किरण गाठीच्या पेशी मोडतात, पण आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो. चांगल्या पेशी मधल्या वेळात सावरतात, गाठीच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून थोडं थोडं, रोज. शनिवार-रविवार सुटी. "कोर्स पूर्ण झाला तर बरं होण्याची आशा आहे. पण मध्ये खंड पडू देऊ नका. खंड पडला की गाठीला फावतं."

कळलं! पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा हात. एकदम जाड थापलं की रंग पोपडे धरतो. घरी आल्यावर हिला सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

९ मार्च, रविवार

मेहुणीचा फोन. "भावोजी, ताई कधी सिगारेट ओढायची का हो?" सख्खी बहीण विचारतेय! हिने फोन काढून घेतला. "हो गं, शाळेत शिकवताना. मुलं पाढे म्हणत असताना, फळ्याच्या मागे." खूप दिवसांनी हसलो.

मग हसू गेलं. माझ्या टर्पेंटाइनच्या वासाने तर नसेल? डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. तरी मागच्या खोलीतले सगळे डबे दुकानात नेऊन टाकले. काहीतरी केलं पाहिजे ना माणसाने.

१४ मार्च, शुक्रवार

पंखा पुसला. दाराची कडी बदलली. कपाट हलवलं. "तुम्ही बसाल का जरा?" बसलो. उठलो.

२० मार्च, गुरुवार

गिळताना जळतंय तिला. अन्ननलिका अगदी वाटेत आहे, तिला झळ बसतेच म्हणे. औषध दिलंय. थंड दूध, गार केलेलं सूप — दोन घोट की वाटी बाजूला. मी चमचा घेऊन मागे.

आज म्हणाली, "नको म्हटलं की नको."

मी म्हटलं, नको म्हणून कसं चालेल? निम्म्यावर आलोय आपण! ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अशी पडली की मला धडकी भरते. तिच्याशिवाय या घरात मी काय करणार? कपाटं हलवणार?

२३ मार्च, रविवार

गाऊन बदलताना दिसलं — डाव्या कुशीवरची फुली साफ गेलेली, मधली रेघ अर्धीच उरलेली. मी हादरलो. "घामाने गेली असेल," म्हणाली. "उद्या तिथे सांगू. ते बघतील काय ते."

बघतील म्हणजे? परत पाठवतील! खंड पडेल! ते मी होऊ देणार? दुकानात जाऊन शाई आणली, बारीक ब्रश आणला, पट्टी आणली. ती नको नको म्हणत होती, मी कुठला ऐकतोय. फुली जशी आठवत होती तशी काढली. मधली रेघ मुळातच किंचित तिरकी होती, पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. सरळ करून टाकली. इतकी सुबक रेघ त्या हॉस्पिटलात कुणी काढली नसेल. आरसा धरला समोर. तिने बघितलंही नाही.

२४ मार्च, सोमवार

मशीनवरच्या बाई बाहेर आल्या. "या रेघा कुणी काढल्या?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मी." माझं मनगट घट्ट धरलं. बाईंना काय कळायचं ते कळलं. माझ्या नखांत जांभळी शाई होती. म्हणाल्या, "काका, त्या झोपतातच जरा तिरक्या. म्हणून रेघ तिरकी होती. माणूस म्हणजे पाटी नव्हे."

किरण सोडण्याआधी फोटो काढतात, तो जुन्याशी जुळेना म्हणून थांबले. नाहीतर गाठ राहिली असती बाजूला आणि चांगलं फुप्फुस भाजलं असतं. माझ्या हाताने! आज किरण नाहीत. उद्या पुन्हा स्कॅन, पुन्हा रेघा. उद्याही किरण नाहीत.

जेवण गेलं नाही. हाताकडे बघवत नाही.

२६ मार्च, बुधवार

पुन्हा सुरू. नव्या रेघांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्यात. गाडीत तिला म्हटलं, माझ्यामुळे दोन दिवस फुकट गेले. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान गेले." माझं मन राखायला म्हणाली असेल.

३० मार्च, रविवार

पट्टीची एक कड सुटलेली दिसली. माझा हात पुढे गेला, तो तिने धरला. म्हणाली, "घामाने नव्हती गेली रेघ. मी पुसली होती. साबण लावून."

का गं?

"मला जायचं नव्हतं. तुमच्यापुढे नाही म्हणता येत नाही हो. म्हणायला जावं, तर तुम्ही उठून काहीतरी करायला लागता."

खंड, गाठ, डॉक्टरीणबाई — सगळं जिभेवर आलं होतं. गिळलं. उद्या जायचं की नाही, ते ती सकाळी सांगणार आहे. मी विचारायचं नाही.