मशाली का विझवल्या?

बाई, आजवर तुमची आठवण निघाली की मी चांगलंच बोलत आले. आज मात्र भांडायला बसले आहे.

काल इथल्या शाळेतली नवी शिक्षिका घरी आली होती. दारापुढच्या खळ्यात बसली, पाणी प्यायली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, मुलं घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते विचारलं की नुसती तोंडाकडे बघत राहतात. मी निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी असं कोणी विचारलं की मला बोलू किती नि काय असं होतं. तुमचं होतं नव्हतं ते सगळं तिला सांगितलं, आणि तुमचं म्हणूनच सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "आणि एवढं करूनही एखाद्याला कळलंच नाही तर?" तुमचं उत्तर ओठावर होतं. थांबायचं. आपण सांगून टाकायचं नाही, त्याचं त्याला कळेपर्यंत थांबायचं. पण ते न सांगता भात टाकायचा आहे म्हणून मी उठले. ती बिचारी निघून गेली, आणि तेव्हापासून मनातल्या मनात माझं तुमच्याशी वाजलंय.

आपला सहावीचा वर्ग मला अजून जसाच्या तसा दिसतो. बंदराकडच्या बाजूला खिडकी, खिडकीतून सुक्या मासळीचा वास. पलीकडच्या वर्गात गुरुजी सगळ्यांकडून एका सुरात धडा म्हणून घेतायत, कौलं हलतील एवढा आवाज, आणि आपल्या वर्गात चिडीचूप. तुम्ही आम्हाला मनात वाचायला लावलंय. कोणाचे ओठ हलले तर त्याने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचं. पोरं झोपली की काय म्हणून हेडमास्तर एकदा दारातून डोकावून गेले, तेव्हा तुम्ही हसू दाबत खडू शोधायला वाकलात. वाचून झालं की पुस्तकं मिटायची आणि शेजारणीला सांगायचं, तेही घरच्या बोलीत, आईला सांगावं तसं. बाकीच्या वर्गांत मालवणीतला एक शब्द निघाला तरी हातावर छडी बसायची, आणि तुम्ही म्हणायचात, "आता ह्याच तुझ्या आवशीक कसा सांगशीत, तसा सांग बघूया." एखादा शब्द अडला आणि मी तुमच्याकडे बघितलं की तुम्ही रागावायचात. "माझ्या तोंडावर लिहिलाय काय अर्थ? शब्दाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी कर, तो कोणाकडचा ते कळेल." तुम्ही कुडाळकडच्या शेतकऱ्याघरच्या, बाजाराजवळ एका खोलीत एकट्या राहणाऱ्या, आणि आम्ही निम्मीअधिक पोरं समुद्रावर जगणाऱ्यांची. पण तुमच्या तोंडून मालवणी निघाली की वर्ग घरच्यासारखा वाटायचा.

प्रश्नांचं तुमचं एक होतं. एक उत्तर बोट ठेवून दाखवायचं, ते ओळीतच सापडतं. दुसरं जोडायचं, दोन ओळी दोन ठिकाणी असतात आणि त्या एकत्र आणल्या की जे कळतं ते. धडा ते लिहीत नाही, पण वाचणाऱ्याला ते दिसल्याशिवाय राहत नाही. बोट ठेवायच्या उत्तरांत मी पहिली होते. जोडायच्या उत्तरांतही होते, पण वर्षअखेरीला ते राहिलं नाही.

त्या कार्तिकात बाबा एकटेच छोटी होडी घेऊन टाकलेलं जाळं काढायला गेले. दुपारी वादळ झालं. बाकीच्या होड्या कशाबशा आल्या, त्यांची आली नाही. काही दिवसांनी त्यांचं वल्हं तेवढं देवबागच्या किनाऱ्याला लागलं. ते एका माणसाने खांद्यावरून आणून आमच्या दारात उभं केलं आणि तो निघून गेला. आईने ते उचलून दाराआड ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला कुंकू लावून, टोपली डोक्यावर घेऊन ती बाजारात मासे विकायला बसली. आयाबाया येऊन बसायच्या. "वल्हां गावला मां? आता कसली वाट बघतस गो?" आई म्हणायची, "वल्हां गावला. माणूस खंय गावलो?" मग कोणी भटजींना विचारून आलं. माणूस सापडला नाही, तर बारा वर्षं वाट बघून क्रिया करायची रीत आहे. आईने ती रीत पदरात गाठ मारावी तशी धरून ठेवली.

आणि पावसाळ्याआधी तो नावाड्याचा धडा आला. नदीला पूर आलाय. नावाडी गावकऱ्यांना खेपा करून अलीकडे आणतो. पलीकडे एक म्हातारी राहिली म्हणून अंधार पडता पडता पुन्हा जातो. लोक काठावर मशाली पेटवून उभे राहतात. पूर आणखी चढतो. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे, सकाळ झाली आणि लोकांनी एकेक करून मशाली विझवल्या. धडा तिथेच संपतो. तुम्ही पुस्तकं मिटायला लावलीत आणि विचारलंत, "मशाली का विझवल्या?" हे जोडायचं उत्तर होतं, आणि वर्गाला लगेच आलं. "नावाडी बुडालो, बाई!" मागच्या बाकावरून दोघं तिघं एकदम ओरडले. तुमची नजर माझ्यावर गेली. तोंडातून प्रश्न निघून गेल्यावर तुम्हाला माझी आठवण झाली असणार. तुमचा चेहरा उतरलेला मी बघितला. तुम्ही मला विचारलंही नव्हतंत, तरी मी उभी राहिले.

"बाई, तो बुडाला असं धड्यात लिहिलेलं नाही."

"मग मशाली का विझवल्या?"

"उजाडलं म्हणून विझवल्या."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "बरोबर," तुम्ही म्हणालात. "धड्यात तसं लिहिलेलं नाही. बस." आणि मधली सुट्टी व्हायला अवकाश असताना मुलांना बाहेर सोडलंत. त्या दिवसानंतर वर्ष संपेपर्यंत जोडायचा प्रश्न माझ्या वाट्याला आला नाही. बोट ठेवायचे तेवढे यायचे.

मी सातवीची परीक्षा पास झाले, ट्रेनिंग केलं, आणि वैभववाडीकडे घाटाच्या पायथ्याशी एका शाळेत नोकरीला लागले. निघताना तुम्ही मला तुमची काळी छत्री दिलीत. "तिकडे आमच्यासारखाच पडतो गो, उलट जास्तीच," म्हणालात. तुम्ही गेल्याचं मला कणकवलीच्या एस. टी. स्टँडवर कळलं. जुन्या वर्गातली एक मुलगी भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, "बाई वारले मां, तुका ठावक नाय?" माझ्या हातात तुमचीच छत्री होती. मी गाडी सोडून दिली आणि तिथेच बाकावर बसून राहिले.

बारा वर्षं भरली तेव्हा मी रजा काढून घरी आले. दुसऱ्या दिवशी दर्भाचा पुतळा करून बाबांची क्रिया व्हायची होती, आणि आईच्या बांगड्या फुटायच्या होत्या. दुपारी आई खळ्यात पाय पसरून बसली होती. मी तिच्या केसांना तेल लावत होते, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. मला रडू फुटलं. आईने मागे न बघता माझा हात धरला.

"रडा नको. माका तेवाच कळला हुता. वल्हां दारात उभ्या केल्यानी, तेवाच."

"मग इतकी वर्षा कुंकू कित्या लावलंस, आये?"

"तुझी शाळेतली बाय इली हुती. शाळेत तू कायतरी बोललस, त्या दिसाक. म्हणाली, तुमच्या चेडवाक अजून कळाक नाय, तिका सांगा नको, तिचा तिका कळांदे. तुका कळापर्यंत माका कपाळ पुसूचा नाय हुता. मगे तू काय बोललस नाय, आनी मी बी काय बोललंय नाय."

बाई, म्हणून मी भांडायला बसले आहे. धड्याच्या बाबतीत तुमचं थांबणं खरं होतं, त्यावर माझी अख्खी नोकरी झाली. पण आमचं घर धडा नव्हता. तुम्ही आईला थांबायला सांगून गेलात, आणि आई थांबली. ना सवाष्णींनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं, ना विधवांनी आपल्यात बसू दिलं. भाद्रपदात घरोघरी म्हाळ व्हायचे, पितरांची पानं वाढली जायची, आणि आमच्या बाबांना घास नाही, कारण ते मेलेच नव्हते. गणपतीत आई त्यांचं ताट वाढायची आणि मी माझ्या पानातून मान वर करायची नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून एकदा तरी रडलो असतो, बाई. ते राहून गेलं. बारा वर्षांनी रडायला बसलो तेव्हा ते रडणं शिळं झालं होतं. क्रियेनंतर आई फार दिवस राहिली नाही.

हे सगळं तुम्हाला कधी सांगता येणार नव्हतं, कारण मला ते कळलं तेव्हा तुम्ही नव्हता. आणि असता, तरी मी सांगितलं असतं की नाही, शंकाच आहे. तुम्ही उन्हातून चालत आमच्या घरी आलात, आईजवळ बसलात, मला वाचवायला बघितलंत. तेवढं माझ्यासाठी दुसऱ्या कोणी केलं नाही. राग येतो तो त्याचाच येतो.

त्या नव्या शिक्षिकेला उद्या बोलावून घेणार आहे. थांबायचं असतं, हे तिला सांगेन. पण थांबण्याआधी मुलाजवळ जाऊन बसायचं आणि एकट्याला विचारायचं, तुला खरंच कळलं नाही का. तुम्ही आईला सांगितलंत. मला विचारायचं तेवढं राहिलं.

विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. दारात वल्हं उभं राहिलं त्या दिवशीच मी दोन्ही ओळी जोडल्या होत्या, बाई. पण मी ते मोठ्याने बोलले की आईचं कपाळ पुसलं जाईल, एवढंही मला कळत होतं. म्हणून उजाडलं म्हणाले.