समोरासमोर बसण्याचा वर्ग

शनिवार, ७ ऑगस्ट २००४

शाळेच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मंगलाबाईंनी पत्रक दिलं. सायंटॉलॉजी! तीनदा वाचलं तेव्हा उच्चार जमला. मंगलाबाई म्हणाल्या, "धर्मच आहे तो, पण आपले देव सोडायला सांगत नाहीत. घरातली भांडणं, अबोला, मुलं — रोजच्या अडचणींचं शिकवतात." उद्यापासून दर रविवारी सातपूरला वर्ग.

जाईन. रविवारी घरी बसून तरी काय करतेय.

रविवार, ८ ऑगस्ट

आधी दोनशे प्रश्नांचा फॉर्म. हो, नाही, सांगता येत नाही. मी बहुतेक ठिकाणी 'सांगता येत नाही'वर खूण केली. शिकवणारे जीवन सर मुंबईचे, पोरगेलेसे. माझ्या उत्तरांचा आलेख दाखवून म्हणाले, "ताई, तुमची रेघ फार खाली आहे." वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

"घरी काय अडचण?"

सांगितलं. पायल, आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी न विचारता लग्न केलं, इगतपुरीच्या रेल्वेतल्या मुलाशी. तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही. हे अंबडहून कंपनीतून येतात, जेवतात, झोपतात. बोलणं नाही.

बुधवार, ११ ऑगस्ट

भाजी खारट झाली होती. मला कळलं नाही, मंगलाबाईंनी डब्यातली घेतली तेव्हा त्या म्हणाल्या. हे सकाळी तीच खाऊन गेले — गपचूप!

रविवार, १५ ऑगस्ट

आज नुसतं समोरासमोर बसायचं. खुर्चीसमोर खुर्ची, नजरेला नजर. बोलायचं नाही, हसायचं नाही. माझ्यासमोर सहादूकाका, मखमलाबादला फुलं लावतात. बायको गेल्या वर्षी गेली. अर्ध्या तासाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं नाही त्यांनी. मी कोरडीच.

निघताना म्हणाले, "लय दिसांनी कुनी बघितलं माझ्याकडं, ताई."

बसमध्ये आठवत होते, ह्यांच्याकडे मी असं शेवटचं कधी बघितलं. आठवलं नाही.

रविवार, २२ ऑगस्ट

आज ऐकण्याचा धडा. समोरच्याचं पूर्ण होऊ द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, वाद नाही. मला चारदा परत करायला लावलं. "ताई, तुम्ही मध्ये बोलता."

मी? मी तर घरात बोलतच नाही!

सोमवार, २३ ऑगस्ट

जेवणं झाल्यावर ह्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "अहो, बोला काहीतरी. मी मध्ये बोलणार नाही."

हे उठले, चपला घालून बाहेर गेले.

मंगळवार, २४ ऑगस्ट

आज ते आपणहून येऊन बसले. म्हणाले, "पायलकडे जात असतो मी. पहिल्यापासून. तुला कसं सांगणार? 'ती मेली मला, ह्या घरात तिचं नाव काढायचं नाही' — तूच म्हणाली होतीस."

मीच म्हणाले होते. खरंय.

नात आहे मला. अकरा महिन्यांची. धरून धरून चालते म्हणे.