माझ्या नावाचा कट्टा

शारजा,
ता. १० फेब्रुवारी २००८

प्रिय भावनाताईस धाकट्या राजरत्नचा स. जयभीम, वि. वि.

मी इकडे मजेत. तू, दाजी आणि आई खुशाल असाल असं धरून चालतो. मेल केला तर प्रमोददाजी आधी वाचणार, आणि फोनवर आपण दोघं नुसतं कसा आहेस, बरी आहे, एवढंच करत बसतो. म्हणून कागद.

सातवीत शाळा सोडली, अंबरनाथच्या एमआयडीसीत एक कारखाना धड केला नाही, मग रिक्षा, मग भिवंडीचं गोडाऊन. तू म्हणायचीस याच्या पायाला भिंगरी आहे. पण इथे वर्ष झालं, अजून पळालो नाही. हसू नकोस.

टिकलो ते दाजींनी इंटरनेटवर बनवलेल्या कट्ट्यामुळे. शुक्रवारी आम्ही अंबरनाथ-बदलापूरची सगळी पोरं नेट कॅफेत जमतो आणि कट्टा उघडतो. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या चाळीवर बिल्डर आला, सगळं कळतं. आणि त्यातल्या बायकांच्या खोलीला तर तोड नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात बायका रिटायर नर्स द्रौपदी मावशीला आपली दुखणी विचारतात, आणि तू दुपारी दाजींच्या कॉम्प्युटरच्या रिकाम्या दुकानात बसून ते सगळं टाईप करतेस. माझ्या खोलीतला बदलापूर-सोनिवलीचा हरिचंद्र आहे ना, त्याच्या बायकोने, वेणूने छातीतली गाठ सासूला नाही सांगितली, पण तिथे लिहिली. मावशीने तिला वेळेवर दवाखान्यात धाडलं. तेव्हापासून तुझं नाव निघालं की हरिचंद्र हातातला घास थांबवतो.

कट्ट्यावरच्या जाहिरातींचे पैसे यायचे ते दाजींचं पहिलं खातं बंद पडलं ते आठवून अजून हसू येतं. येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि आपल्याच जाहिराती दाबायला लावायच्या, आणि कंपनीला कळणार नाही होय? नवीन खातं माझ्या नावावर काढलं ते बरं केलं. कट्ट्याचा मालक म्हणून पण माझंच नाव. मला त्यातलं काही नको, तुमच्या घराला लागू दे. पण घर नाही, गाडी नाही, निदान एक गोष्ट माझ्या नावावर आहे.

एकच तक्रार. कट्ट्यावर ‘रातराणी’ म्हणून नवी खोली दिसते, ती इथे उघडत नाही. नुसती अरबीतली पाटी येते. दाजींना म्हणावं, मशीन तपासा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भिंगरी,
राजू


उल्हासनगर कॅम्प,
ता. २ मार्च २००८

चि. राजरत्न यास ताईचे अ. आ.

पत्र पावले. आईला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणते पोरगा अक्षर सुधारतोय. मी म्हटले, अक्षर नाही, नुसती बढाई सुधारली आहे.

इकडे सर्व ठीक. दुकानाशेजारच्या सिंधी शेठने स्वतःच वीस कॉम्प्युटरचे दुकान टाकले, त्यामुळे हे जरा चिडचिड करतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.

ती रातराणी ह्यांच्या कामाची आहे, तुला उघडून काय करायचे? उघडत नाही तेच बरे. बायकांची खोली सध्या बंद ठेवली आहे. जाहिरातवाल्यांचा नियम आला म्हणे, मोठ्यांच्या गोष्टी असलेल्या पानांवर त्यांची जाहिरात चालत नाही. अंगावरून जाणे, टाके, गाठ, हे सगळे त्यात धरतात असे हे म्हणाले. द्रौपदी मावशी दर रविवारी विचारते, काय गं, टाकलेस का? मी हो म्हणते.

तू तब्येतीला जप. उन्हात टोपी घाल. धाकटा म्हणून लाड करते, तेव्हा लोभ असू दे.

तुझी,
ताई


शारजा,
ता. २० एप्रिल २००८

प्रिय ताईस जयभीम.

हरिचंद्र सुट्टीवर पोचला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, बदलापूरला पोरांनी दिलेल्या लिंकवरून कट्टा उघडला, तर रातराणी तिकडे उघडते. आत जे आहे ते त्याने मला वाचून दाखवलं नाही, एवढंच म्हणाला की प्रत्येक घाणेरड्या गोष्टीखाली राजरत्न लिहिलंय. पोरांनी त्याचे प्रिंट काढून जयंतीच्या आदल्या दिवशी विहाराच्या कमिटीपुढे ठेवले. वेणूने त्याला विचारलं, माझी गाठ पण हाच वाचत होता का?

ताई, इथलं सरकार तसली पानं उघडूच देत नाही. ती अरबी पाटी त्याचीच होती. मी येडा, मशीन तपासा म्हणून लिहीत होतो.

मग मी खात्याचा मेल उघडला. तो पण दाजींनीच बनवून दिला होता, इंग्रजी म्हणून मी कधी पाहिलाच नाही. आमची हजेरी लिहिणाऱ्या मल्याळी टाइमकीपरला बसवलं आणि एकेक वाचून घेतला. कंपनी लिहिते की सभासदाने काहीही लिहिलं तरी मालक जबाबदार. तसली पानं असतील तर ती काढा, नाहीतर त्या पानांवरची आमची जाहिरात काढा. दोन्हीतलं एक. म्हणजे बायकांची खोली बंद करायची गरजच नव्हती. तिच्यावरची जाहिरात काढली असती तर ती चालू राहिली असती.

दाजींनी उत्तर काय दिलं? माझ्या नावाने माफी मागितली. चूक माझी, घाण मी टाकली, आता साफ केली. आणि साफ काय केलं, तर बायकांची खोली, सगळी पुसून. तिथे गिऱ्हाईक कमी ना. रातराणी फक्त पहिल्या पानावरून लपवली, लिंक माहीत असलेल्यांसाठी चालूच, जाहिरातीसकट.

टाइमकीपर वाचताना माझ्याकडे बघत होता. त्याला पण वाटलं असेल, हाच तो.

मला दाजींचं आश्चर्य नाही. मला एकच सांग. कमिटीपुढे ते प्रिंट ठेवले तेव्हा तू कुठे होतीस?

राजू


उल्हासनगर कॅम्प,
ता. ६ मे २००८

चि. राजरत्न यास अ. आ.

तुझे पत्र आईला दाखवले नाही. तिला ताप आहे म्हणून नाही, माझी हिंमत झाली नाही.

मी तिथेच होते. बायकांच्या रांगेत, द्रौपदी मावशीच्या शेजारी. हे उभे राहिले आणि म्हणाले की पोरगा परदेशात एकटा असतो, संगत बिघडली, मी समज दिली आहे. मावशीने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. ती गप्प राहिली, कारण तिला वाटले मी लाजले आहे.

खोटे कशाला सांगू, मला आधीपासून माहीत होते. हे ज्या टेबलावर बसून रातराणीचे लिहायचे, दुपारी मी त्याच टेबलावर बायकांचे टाईप करायचे. शेठचे दुकान चालू झाल्यावर हे म्हणाले, आपले दुकान पुन्हा उभे राहीपर्यंत हे चालू दे. मी अडवले नाही.

राजू, रागावू नकोस, पण नीट विचार कर. तू तिकडे आहेस. इथे रोज तुला कोणाच्या दारावरून जायचे नाही. ह्यांचे नाव गेले तर दुकान गेले, आणि मला इथेच, ह्याच गल्लीत राहायचे आहे. चार वर्षांनी येशील तेव्हा लोक विसरलेले असतील. तुझ्या नावाला तेवढे सोसू दे. लहानपणी तू माझ्या हातून फुटलेल्या बरणीचा मार खाल्ला होतास, आठवते? स्वतःहून पुढे झाला होतास.

मायेवर हक्क आहे म्हणून मागते.

तुझी,
ताई


शारजा,
ता. २५ मे २००८

सौ. भावनाताई यांस राजरत्नचा स. जयभीम, वि. वि.

बरणीचा मार मी स्वतः खाल्ला होता. कोणी विचारलं नव्हतं, पण मला माहीत होतं कशासाठी. इथे तुम्ही मला झोपेत उभं करून मारलंत.

खातं माझ्या नावावर, कट्टा माझ्या नावावर, तेव्हा पासवर्ड मी बदलला. टाइमकीपर शेजारी बसला होता. रातराणी गेली. जाहिराती सगळ्याच पानांवरच्या काढल्या, खातं बंद करा म्हणून कंपनीला कळवलं. दाजींना सांग, आता तपासायचं काही राहिलं नाही.

बायकांनी लिहिलेलं परत येत नाही. खूप शोधलं. वेणूचं नाही, मावशीचं एक उत्तर नाही. खोली पुन्हा बांधली आहे, पण आत काहीच नाही. तिची किल्ली मी वेगळी करून तुझ्या नावावर ठेवली आहे, माझ्या नाही. हरिचंद्रकडून चिठ्ठी येईल, त्यात पासवर्ड आहे. तो तुझ्या दारात येईल पण आत येणार नाही, आग्रह करू नकोस.

पहिली ओळ मी लिहिलेली नाही. मी लिहिली असती तर कोणी मानलं नसतं, राजरत्न काय लिहितो ते सगळ्यांनी वाचलंय. ती तू लिही. रातराणी कोणाची होती, एवढंच, आणि खाली तुझं नाव. मग किल्ली मावशीला दे, तिच्या बायका परत येतील.

आईचा ताप उतरला का ते हरिचंद्रकडून कळेल. तू कळवू नकोस. दर शुक्रवारी मी कट्टा उघडून बघेन. ती खोली इथे उघडते.

मायेचं मी आत्ता काही लिहीत नाही, ते त्या ओळीनंतर.

राजरत्न