राणी रंग, ग्रेड दोन

११ जानेवारी, शनिवार

नवीन कपडे! पुढच्या महिन्यात चौघांनी अंदमानला जायचं म्हणून! सकाळी सकाळी गंधालीचा व्हॉइस मेसेज — "सगळ्यांनी नवीन घ्यायचंय हं, फोटोत जुनं काही नको. आणि उत्तरा, तू तुझे ते राखाडी टी-शर्ट आणलेस ना, तर मी समुद्रात टाकीन." मागोमाग हसणारे चेहरे, एक अख्खी ओळ.

मी लिहिलं, प्रवासाला नवीन कपडे नेऊ नयेत. तिचं उत्तर — "का गं सायंटिस्ट?"

तिला सांगून उपयोग नाही. इथे लिहिते. नव्या कापडाला कांजी असते, अंगावर जादा रंग असतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटायचं ते आटतं, उतरायचं ते उतरतं. ते घरच्या बादलीत व्हावं, हॉटेलच्या चादरीवर नको. शिवण कुठे काचते ते दुकानाच्या आरशात कळत नाही, चालल्यावर कळतं. म्हणून प्रवासाला दहा वेळा धुतलेलं न्यावं. हे माझं मत नाही. अंधेरीच्या लॅबमध्ये मी रोज कापड घासते, भिजवते, ताणते, फाडते. त्याचाच पगार मिळतो.

गंधाली माझ्या भावाची बायको. तोंडावर मी तिला वहिनी म्हणते. इथे नाही म्हणत. इथे कोणी ऐकत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आई आजही कांदिवलीला त्यांच्याकडे. सलग तिसरा रविवार. "गंधालीला जरा मदत." कसली मदत? दोन माणसांचं घर, भांड्यांना बाई, पोळ्यांना बाई. आणि मुलुंडहून सासूला बोलवायचं — मदतीला!

चैतन्यला फोन केला. "यार उत्तरा, आईला बरं वाटतं इकडे. तू प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट का मागतेस?"

माझा भाऊ लग्नाआधीही असाच होता. तेव्हा दोष द्यायला गंधाली नव्हती, एवढंच.

१७ जानेवारी, शुक्रवार

समोरच्या शांताकाकूंकडे हळदीकुंकू. बोलावणं मला. आईला नाही — बाबा गेल्यापासून नाहीच येत. मी गेले नाही. आईने टीव्ही लावला आणि आवाज जरा मोठा ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

आई उशिरा आली. हातात दुकानाची पिशवी. ती सोफ्यावर ठेवली, पाणी प्यायली, चप्पल जागेवर ठेवून आली, मग म्हणाली, "गंधालीने आणलंय. माझ्यासाठी. बघ."

कुर्ता आणि पँट. राणी रंग. झगझगीत! आई — पँटमध्ये!

लग्नापासून ती साडीच नेसते. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. दुखवटा काढायला मामा आले तेव्हा त्यांनी तिला एक पांढरट सुती साडी आणली होती, बारीक राखाडी काठाची. त्या वर्षी आईने सर्वांत जास्त वेळा तीच नेसली. मी ते लक्षात ठेवलं. तेव्हापासून दर दिवाळीला, दर वाढदिवसाला त्याच वळणाची आणते. उत्तम सूत, पक्की वीण. एकही तक्रार नाही.

आणि आता हे. कारण उघड आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोत पांढऱ्या साडीतली सासू नको. मग सासूलाच रंगवा!

"घालणार आहेस?" मी विचारलं.

"आणलंय तर..." आई म्हणाली. पिशवीची घडी घातली. कुर्त्यावरून हात फिरवला, वरून खाली, मग पुन्हा वरून.

मनाविरुद्ध. तिला नाही म्हणता येत नाही. मला तिचं सगळं तोंडपाठ आहे.

२० जानेवारी, सोमवार

आई भाजीला खाली उतरल्यावर पँट तपासली. व्हिस्कोस, हलकं. शिवण मशीनची, टाके लांब, घाईचं काम. पायाची दुमड मात्र हाताने घातलेली. तुरपाई बारीक, टाक्यांमधलं अंतर एकसारखं, बाहेरून एक टाका दिसत नाही. आत चार बोटं कापड दुमडलेलं. या अख्ख्या मालात नीट झालेलं काम हे एकच. दुकानात कोणीतरी जुना शिंपी असणार.

डाव्या पायाची तुरपाई उसवली. आतल्या दुमडीतून नमुना कापला, उरलेलं कापड पुन्हा आत घालून सेफ्टी पिना लावल्या. लांबीत फरक नाही. आई बघेपर्यंत कळणार नाही, आणि ती काही बघणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी चाचणी लावली. समुद्राच्या पाण्याची — अंदमानला जायचंय, दुसरी कुठली लावणार! नमुन्याला पांढऱ्या कापडाची पट्टी शिवायची, मिठाच्या पाण्यात भिजवायचा, दोन काचांमध्ये दाबून ओव्हनमध्ये ठेवायचा. घामेजलेल्या उकाड्यात, ओल्या अंगावर कापड जे करेल ते तिथे करतं.

पलीकडच्या टेबलावरून रतन म्हणाला, "कुठल्या पार्टीचा माल?"

"घरचा."

"घरच्यांनापण सोडत नाहीस काय गं!"

संध्याकाळी काचा उघडल्या. पांढरी पट्टी पांढरी राहिली नव्हती. ग्रेड पाच म्हणजे पट्टीला रंग लागलाच नाही, एक म्हणजे वाटोळं. ही दोन.

दोन! आनंद झाला. खोटं कशाला लिहू.

२६ जानेवारी, रविवार

खाली सोसायटीचं झेंडावंदन झालं आणि चैतन्य, गंधाली जेवायला आले. श्रीखंड-पुरी. गंधालीने आल्या आल्या पिशव्या उलट्या केल्या. "हा चैतन्यचा, हा माझा. आणि हा तुझा उत्तरा. शिव्या दे, पण घाल." पिवळा. टिकल्यांचा. मी तो खुर्चीवर ठेवला. सगळ्यांचं जेवण होत आलं तसा पर्समधून ती रंग लागलेली पट्टी चिकटवलेला पुठ्ठा काढून श्रीखंडाच्या भांड्याशेजारी ठेवला.

"हे काय आता?" गंधाली.

"आईच्या पँटचा रंग. खाऱ्या पाण्यात. ग्रेड दोन. आमच्याकडे असा माल पार्टीला परत जातो. तूही परत कर, वहिनी. आणि पुढच्या वेळी फोटोसाठी आईला नटवायचं असेल, तर निदान पक्क्या रंगात नटव."

चैतन्यने कपाळाला हात लावला. "झालं. लागली वाट."

गंधाली ओरडेल असं वाटलं होतं. तयारी होती. तिने पट्टीला हात लावला नाही. "कापड कुठून घेतलंस?"

"डाव्या पायाच्या दुमडीतून. लांबीत फरक पडत नाही."

"तुरपाई उसवलीस?" आवाज एकदम खाली. तिचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ए बाई, ती तुरपाई आईंची आहे. माझ्याकडे खिडकीत बसून घातली त्यांनी, लांब होत होती म्हणून. तीन रविवार दुकानं धुंडाळली आम्ही. मी निळा दाखवतेय, मोरपंखी दाखवतेय — नाही. हाच. ट्रायल रूमच्या बाहेर बायका खोळंबल्या, तरी आरशासमोरून हलेनात!"

"मग तू आणलंस असं..."

"त्यांनीच सांगितलं तसं म्हणायला. 'उत्तराला चालणार नाही, तू आणलंस म्हण.' तुला घाबरतात त्या. सासू सुनेला घाबरते ना, तसं तुला!"

आईकडे बघितलं. ती उरलेल्या पुरीचे तुकडे ताटाच्या कडेला ओळीने लावत होती.

"पुरे गं गंधाली," म्हणाली.

पुरे म्हणाली. खोटं आहे असं नाही म्हणाली.

शाळेचे माझे सगळे स्कर्ट आईने दुमडले. दर जूनमध्ये एक बोट सोडायची. ती तुरपाई माझ्या हातात होती, मी टाके बघितले, अंतर बघितलं — आणि लिहिलं काय, जुना शिंपी!

२७ जानेवारी, सोमवार

आई बोलते. दूध आलं. सिलिंडर संपत आलाय. बाकी नाही.

२९ जानेवारी, बुधवार

लॅबमधून रंग पक्का करायचं द्रावण आणलं, छोट्या बाटलीत. सुपरवायझरला सांगून. आईला म्हटलं, "बादलीत तासभर भिजव. दोनाचे साडेतीन होतील."

"भिजवायचं नाही."

"निदान एकदा साधं धू."

"नाही. कोरंच घालायचंय मला." ती पँटचा डावा पाय मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या सेफ्टी पिना काढून डबीत ठेवल्या होत्या, एकात एक अडकवून.

"आई, पायांना रंग लागेल."

"लागू दे की. माझेच आहेत पाय."

मग मी साड्यांचं काढलं. काढायला नको होतं. म्हटलं, गंधालीने... बरं, तुम्ही दोघींनी आणलेलं पहिल्या पाण्यात उतरतं. मी आणलेल्या एका तरी साडीचा रंग गेलाय का आजवर?

आई सुईत दोरा ओवत होती. ओवून झाला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"असता तर गेला असता."

आणि तुरपाई घालायला लागली.

३१ जानेवारी, शुक्रवार

चैतन्यला कळवलं, माझं तिकीट रद्द कर. "का?" काम आहे. "कसलं काम?" काम. मागून गंधालीचा आवाज — "नाटकं! करू दे तिला!"

नाटक नाही. साधा हिशोब आहे. आई आयुष्यात एकदाच विमानात बसली, तेव्हा उतरेपर्यंत माझा हात सोडला नव्हता. मी नाही म्हटल्यावर ती जाणार नाही. एक-दोन दिवस घेईल, मग म्हणेल, राहू दे, मीही नाही जात. तेव्हा मी काही बोलणार नाही. चहा करीन.

२ फेब्रुवारी, रविवार

म्हणाली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बॅग भरली. तिची तिने. माझी निळी बॅग मागितलीसुद्धा नाही, कांदिवलीहून मागवली. मी विचारलं, "विमानात भीती वाटली तर?"

"गंधाली आहे."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ते न्यायला आले. मी खोलीतच. दार पुरतं लागत नाही, फट राहते. फटीतून राणी रंग इकडून तिकडे गेला, परत आला. कोऱ्या कापडाची सळसळ असते तशी होती. गंधाली म्हणाली, "आई, कसल्या दिसताय!" चैतन्यने शिट्टी वाजवली. गाढव.

मग दाराजवळ, माझ्या दाराजवळ — "उत्तरा, आमटी आहे फ्रीजमध्ये. येते गं."

मी हं म्हटलं. ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

संध्याकाळी लॅबमधून आले, आईच्या खोलीत डोकावले तर पलंगावर साड्या. सगळ्या. मी दिलेल्या एकूण एक, आणि खाली मामांची ती दुखवट्याची. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, काठाला काठ लावलेल्या. जाताना ठेवल्या असणार. तिच्या कपाटाचा तो खण रिकामा, आत नवा कागद घातलेला.

म्हणजे काय? देऊन टाकायच्या? इतकं चांगलं सूत! कोणाला देणार नाही. मीच नेसेन. बघू काय वाईट आहे त्यांच्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपवर फोटो आले. गंधालीचे. खाली एक शब्द नाही, तिला शोभत नाही इतकं गप्प. पहिल्यात आई गुडघाभर पाण्यात. दुसऱ्यात बाहेर आलेली, वाळूत उभी, पँट वर खोचलेली. पाय गुलाबी, पोटरीपर्यंत. डावा जास्त.

दोन. कदाचित दीड.

आई हसतेय. फोटो मोठा करून बघितला. कोणाकडे बघून हसतेय ते चौकटीबाहेर आहे.

चैतन्यने लिहिलं, झकास! मी काहीतरी टाइप केलं, पुसलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

लॅबला जाताना मामांची ती पांढरट साडी नेसले. निऱ्या छान बसतात. रंग जसाच्या तसा.

लिफ्टमध्ये शांताकाकू. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, भाजीची पिशवी खाली ठेवली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं बाई! कोण गेलं?"