तिसरा उमेदवार

हेरॉन बे, वॉशिंग्टन
१९ मे

चि. नेल्सला आत्याचे अ. आ.

पत्र पोचेपर्यंत तू बोट बदललेली नसलीस म्हणजे मिळवलं. नगरपरिषदेच्या जागेसाठी मी आणि गॉर्डन पीट, दोघंच होतो. दोघंच असले की प्राथमिक फेरी नाही, थेट नोव्हेंबरात सामना. तोवर तुम्ही मंडळी अलास्काहून परत. पण मुदतीला दहा मिनिटं उरली असताना डेल ऑस्ट्रमने अर्ज भरला! गाड्यांचे सायलेन्सर बदलणारा डेल! आता ऑगस्टमध्ये फेरी, तिघांतले दोन पुढे. माझी निम्मी मतं तेव्हा समुद्रावर. मी पडले तर गॉर्डन आपला मासेमारीचा धक्का हॉटेलवाल्यांच्या घशात घालणार. डेलला त्यानेच उभं केलंय, शंकाच नको. विचारलं तर गडी कानापर्यंत लाल झाला. तुझा दोस्त ना? काढ त्याच्या पोटातलं.

लोभ आहेच, मोजे कोरडे ठेव.
मारित आत्या

केचिकन, अलास्का
६ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि., या वेळी जरा जास्तच वाकून.

काल देवमासा इतका जवळ आला की त्याच्या श्वासाचा वास कॉफीत उतरला. कप्तान म्हणे... बरं, मुद्द्यावर येतो. डेलला गॉर्डनने नाही, मी उभं केलं. गॅरेजवर येतात ती सगळी गॉर्डनची माणसं. वाटलं, त्याची मतं फुटतील. तिसऱ्या नावाने ऑगस्टची फेरी लागते हे मला काय माहीत! नागरिकशास्त्राच्या तासाला मी खेकडे पकडत होतो. डेल नको नको म्हणत होता गं. आता बोटीबोटीवर फिरून सांगतोय, टपालाने घरी येतील त्या मतपत्रिका इकडे मागवा. रागाव, पण पत्रं थांबवू नकोस.

तुझा भाचा (अजून असलो तर),
नेल्स

हेरॉन बे
२३ ऑगस्ट

चि. नेल्सला आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

बोटींवरून एकवीस मतं आली. बाकीच्यांची मतपत्रिकांची पाकिटं घरच्या टपालपेटीतच राहिली. गॉर्डन पहिला. नऊ मतांनी मी तिसरी. हो, दुसरा तुझा डेल! मतपत्रिकेवर ना पक्ष, ना चिन्ह. नुसती तीन नावं, त्यात सोडतीत त्याचं सर्वांत वर आलेलं. शिवाय गावात त्याने कुणाचं वाकडं केलेलं नाही.

परवा तो टोपी हातात घेऊन दारात. गॉर्डननेच पाठवला असणार म्हणून मी साखळी काढली नाही. फटीतूनच म्हणाला, मला तर घाम फुटलाय, पण गॉर्डनसमोर आता मीच उरलोय; धक्क्याबद्दल काय बोलायचं ते शिकवा. वीस मिनिटं उलटतपासणी घेतली, मग साखळी काढली.

रोज शिकवणी चालू आहे. पुरता भरवसा अजून नाही. तू ऑक्टोबरात ये. उभा तू केलास, आता त्याला घेऊन दारोदार फिरायचं तूच.

लोभ कमी झालेला नाही, तपासून पाहिला.
मारित आत्या